पुलाच्या फोटोतला कडेचा माणूस

पुलाचा अख्खा फोटो काठावरून निघत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पूर्णेच्या काठी दोन दिवस बाभळीच्या काट्यांतून हिंडून, पायजमा फाडून घेऊन मी ते शिकलो. काठ उंच, काळ्या मातीचे, पावसाळ्यात जागोजाग चिरलेले. मागं सरकावं तर पाय घळीत जातो, पुढं यावं तर पुलाचे दोनच गाळे दिसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुलाला, नदीला आणि ज्यानं मला हे काम दिलं त्या इंजिनिअरसाहेबांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आणि नांदुऱ्याला परत आलो.

नांदुऱ्यात तेव्हा माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ हे बोलायला. कापसाच्या एका अडत्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एकीत रंगवलेला पडदा आणि खुर्ची, दुसरीत अंधार. अकोल्याला एका उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं राबून मी हा धंदा शिकलो होतो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तोंड फटकळ, आणि आपल्याला सगळं कळतं हा समज पक्का.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडचे सरकारी कागद आधी नागपूरला जायचे, काही वर्षांपासून ते मुंबईला जायला लागले होते. मुंबईचे साहेब लोक फोटो पाहिल्याशिवाय काही खरं मानत नाहीत, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले. नांदुऱ्याहून वर सोनाळ्याच्या बाजूला जायचं तर पूर्णा आडवी येते, आणि तिच्यावर नवा पूल होत होता. त्याचे फोटो त्यांना हवे होते. साहेब पुण्याकडचे, बोलणं मोजकं. "पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसला पाहिजे," ते म्हणाले. "आणि फोटोवर तुमची ती पेन्सिल-बिन्सिल फिरवायची नाही. काम जसं आहे तसं दिसू दे."

पेन्सिलीचं त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. त्या काळात माझं नाव झालं होतं ते तिच्यामुळंच. मुलीच्या तोंडावरचे देवीचे वण मी निगेटिव्हवर पेन्सिलीनं असे भरायचो की छापलेल्या फोटोत गाल स्वच्छ निघायचा. पार धामणगाव बढ्याहून लोक लग्नाच्या मुली घेऊन माझ्याकडं येत.

पुलासाठी मी वाइड अँगल लेन्स काढली. उस्तादानं हात थरथरायला लागल्यावर धंदा सोडला, तेव्हा ती मला देऊन टाकली होती. ती शाळेच्या ग्रुप फोटोंची लेन्स. आवार लहान, पोरं जास्त, अशा ठिकाणी तिच्याशिवाय इलाज नसायचा. पण तिच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे मधल्या माणसांना ती जशीच्या तशी ठेवायची आणि कडेच्यांना पसरवायची. म्हणून ग्रुपमध्ये दोन्ही टोकांना बारीक मास्तर उभे करायचे आणि जाडे मध्ये बसवायचे, हा आमच्यातला नियम. एका हेडमास्तरांनी हट्टानं कडेची खुर्ची घेतली होती, तो फोटो त्यांनी शाळेत कधी लावला नाही. दुसरी खोड म्हणजे कॅमेरा जरा वर कलवला की कडेला उभी असलेली माणसं, झाडं, खांब सगळं मधल्या बाजूला झुकायचं.

आणि एक भानगड होती. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बघायला जी चौकट होती ती जुन्या, साध्या लेन्सच्या मापाची. चौकटीत दिसायचं त्याहून दोन्ही अंगांना कितीतरी जास्त आतल्या काचेच्या प्लेटवर उतरायचं. जमिनीवर असलो तर मी काळं फडकं डोक्यावर घेऊन मागच्या काचेत नीट पाहून घ्यायचो. पण काठावरून जमत नाही म्हणून मी आता डोंग्यातून फोटो काढणार होतो, आणि पाण्यावर ते शक्य नव्हतं, कारण फडक्यात डोकं घातलं की डोंगा हलल्यावर माणूस सरळ नदीत.

डोंगा एका म्हाताऱ्या भोयाचा होता. दोन डोंगे बाजूबाजूला बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर तो माणसं आणि गुरं पार करायचा. पुलाच्या खालच्या अंगाला मोठा डोह होता. माघातलं पाणी संथ, हिरवट. फळ्यांवर मी गुडघे टेकून बसलो, कॅमेरा छातीशी धरला आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "हलू देऊ नको बरं बाबा."

"मी हलवत नाही, पानी हलवते," तो म्हणाला. पैसे घेणार नाही म्हणाला. त्याला एक फोटो हवा होता. "माह्या डोंग्याचं नाक आलं पाह्यजे त्यात."

पुलाचे सगळे खांब उभे झाले होते. वरचा रस्ताही जवळजवळ सगळा पडला होता. फक्त मधल्या गाळ्याखाली टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्यांचं जंगल अजून उभं होतं, कारण तो गाळा दोनदा सिमेंट भरताना दबला होता आणि दोनदा फोडून पुन्हा भरला होता. भोई त्या बल्ल्यांकडं पाहत वल्हं मारत होता. "पूल मानूस मागून राह्यला," तो म्हणाला. "दिल्याबिगर नाही बसत तो."

"सिमेंट मागते तो," मी म्हणालो. "मानूस नाही मागत. तुमी लोक कधी सुधरनार नाही."

तो वल्हं मारत राहिला. मी चार प्लेटा टिपल्या. डोंगा पाण्याला चिकटलेला आणि पूल उंच, म्हणून कॅमेरा वर कलवावा लागला. पलीकडच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या होत्या. नदी आटायला लागली की माळ्यांची काही घरं तिथं वेल लावत आणि घागरीनं पाणी घालत. तिथं माणसं होती हे मला दिसत होतं, पण मी पूल पाहत होतो.

रात्री धुतलेल्या प्लेटा वाळल्या आणि दुसऱ्या दिवशी मी पहिला कागद छापला. औषधाच्या डिशमध्ये पूल हळूहळू वर आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा, खाली भोयाच्या डोंग्याचं नाक. मी खूश झालो. मग डाव्या कोपऱ्यात काहीतरी काळं धरायला लागलं, आणि बघता बघता त्याचा माणूस झाला. मी दचकलो. हा चौकटीत नव्हताच. घोटाभर पाण्यात उभा, खांद्यावर घागर, आणि सरळ माझ्याकडं पाहणारा. कडेला असल्यानं खांदे पसरट झाले होते आणि अख्खं अंग पुलाकडं तिरपं झालं होतं. असं का झालं ते मला माहीत होतं, त्यामुळं दचकणं दोन मिनिटांत संपलं. चारांत तीच प्लेट सगळ्यांत उत्तम होती. तिच्या प्रती साहेबांना दिल्या, एक भोयाला पाठवली.

पंधरा-वीस दिवसांनी, बाजाराच्या दिवशी दुपारी, एक बाई जिना चढून वर आली. तिशीच्या आतली, डोक्यावर भाजीची रिकामी टोपली. आत धामणगावचं एक कुटुंब मुलीला घेऊन बसलं होतं. बाई दारातच थांबली.

"भाऊ, पुलाचे फोटू तुमीच काढले का?"

"हाव. काऊन?"

तिनं टोपलीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. भोयाचाच. कोपऱ्यातल्या माणसाजवळ तिनं बोट नेलं, पण त्याला लावलं नाही. "हे आमचे मालक हायेत."

"बरं झालं की," मी म्हणालो. "फुकटात फोटू निंगाला."

"पूल त्याइले ओढून राह्यला. पाहा नं तुमी."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, आतल्या मंडळींनाही ऐकू जाईल असा. मग तिला लेन्सची खोड समजावून सांगितली, हेडमास्तरांच्या खुर्चीची गोष्टसुद्धा सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाळूत त्या दिवशी आठ-दहा मानसं होती. मंग यायलेच काऊन ओढलं?"

बाकीचे चौकटीच्याच काय, लेन्सच्याही बाहेर होते, हे उत्तर मी दिलं. ते तिच्या काही कामाचं नव्हतं. तिनं सांगितलं की भोयानं फोटो गावभर दाखवला. सासूनं अन्न टाकलं. नवरा आता पुलाखालून जात नाही. वाडीचा अर्धा तुकडा पुलाच्या सावलीत येतो, तिथले वेल पाण्यावाचून चालले. "दोघी-तिघी म्हने तुमी तोंडावरचे देवीचे वन काढता. वन निघते त मानूस नाही का निघत? त्याइले यातून काढून टाका, भाऊ."

निघत होता, हे खरं. उजळ वाळूवर सावळा माणूस, म्हणजे निगेटिव्हवर तो भाग फिका. पेन्सिलीनं आणि थोड्या रंगानं भरत बसलं तर दोन तासांचं काम. पण साहेबांनी हात लावायचा नाही म्हटलं होतं. हे कारण मी पुढं पुष्कळ वेळा स्वतःला दिलं. खरं कारण निराळं होतं. असल्या खुळचट गोष्टीसाठी मी आपले दोन तास घालवावेत हे मला पटत नव्हतं, आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि ही बाई दारातून हलत नव्हती.

मी म्हणालो, "ठीक आहे, काढतो. तुझ्यासमोर काढतो."

आतून मी पत्र्याच्या डब्यातली एक खराब प्लेट आणली. चुकलेल्या, हललेल्या प्लेटा त्या डब्यात पडायच्या. तिच्याकडं मी पाहिलंसुद्धा नाही. वर्तमानपत्र पसरलं, चाकू घेतला आणि तिच्यासमोर प्लेटचा कोपरा खरवडायला लागलो. सावळा माणूस काढायला चाकू लागतच नाही. पण पेन्सिलीनं भरताना तिला काही निघाल्यासारखं दिसलं नसतं. चाकूनं काळी भुकटी पडते. ती पडली, वर्तमानपत्रावर साठत गेली.

बाई हात जोडून उभी होती. मध्येच तिनं विचारलं, "दुखत त नसंन नं त्याइले?"

"नाही वं बाई," मी वैतागून म्हणालो.

झाल्यावर तिनं वर्तमानपत्राची घडी करून भुकटी पदराच्या टोकात घेतली आणि गाठ मारली. भोयाच्या फोटोचा तो कोपरा मी कात्रीनं कापून दिला, तोही तिनं त्याच गाठीत बांधला. दोन्ही नदीत सोडते म्हणाली. "तुमचं भलं हो, भाऊ," म्हणाली, टोपली उचलली आणि गेली. आतल्या मंडळींना मी सगळा किस्सा रंगवून सांगितला. आम्ही पोटभर हसलो.

चैत्रात एका बाजारी दुकान उघडायला आलो तर दाराशी एक टरबूज ठेवलेलं. खालच्या अडत्यानं सांगितलं, एक माळीण ठेवून गेली. ते मी खाल्लं. गोड होतं.

पुढं श्रावणात साहेबांचा निरोप आला की पूल पुरा झाला, त्याच जागेवरून पुन्हा फोटो हवेत. मी गेलो. पाणी गढूळ होतं पण पूर उतरला होता. म्हाताऱ्यानं डोंगा त्याच जागी आणला. मधला गाळा आता मोकळा होता, खालच्या बल्ल्या गेल्या होत्या.

"छान दिसते आता," मी म्हणालो. "सिमेंटनंच बसला नं शेवटी?"

भोई वल्हं थांबवून माझ्याकडं पाहत राहिला. "तुमाले मालूम नाही का?"

"काय?"

"बल्ल्या काढाले पोहनारे लोक लावले होते. वर कुठी पाऊस झाला. इथं त ऊन होतं, कडक. पानी आलं त आवाजच आला आधी. बाकीचे निंगाले. एक नाही निंगाला."

"कोन?"

"तुमच्या फोटूतला."

मला पहिल्यांदा काहीच झालं नाही. कोणता फोटो, असंही मी विचारणार होतो. मग कॅमेरा हातातून सुटून मांडीवर आदळला. भोई सांगत होता की तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीत सापडला, तोंडावरून कळत नव्हतं, कंबरेच्या करदोड्यावरून ओळखला. मी म्हणालो, उजेड आहे तोवर काम उरकू. चार प्लेटा टिपल्या. घरी येऊन धुतल्या तर चारही कोऱ्या. प्लेटपुढचं झाकण ओढायचं मी चारही वेळा विसरलो होतो. त्या धंद्यात अठरा वर्षं काढली, असं ना आधी कधी झालं ना नंतर.

त्या रात्री आणि पुढं कितीतरी रात्री मी स्वतःशी भांडत होतो. पूर वरच्या पावसानं आला. प्लेटवर एक माणूस ठेवल्यानं किंवा काढल्यानं पूर येत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल. मी ते मोठ्यानं म्हणायचो. मग ती दुखत त नसंन नं म्हणून विचारणारी बाई डोळ्यांपुढं यायची, आणि मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागायचो.

भादव्यात ती आली. बाजाराचा दिवस, पण टोपली नव्हती. कपाळ मोकळं. मी उठून उभा राहिलो. ती दारातच खाली बसली, मी बस म्हणायच्या आधी.

"भाऊ, मले त्याइचं तोंड आठवत नाही," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर पुलाचं काही बोलेल. हे मला अपेक्षित नव्हतं.

"डोळे मिटले का बाभळीतून काढलं तेच तोंड येते. पह्यलं येतच नाही. लय करून पाह्यलं. आवाज येते, चाल येते. तोंड नाही येत."  "एकच फोटू निंगाला होता त्याइचा, तोबी मीच खरवडून घेतला. तुमच्यापाशी काही उरलं का? हाताचा, पायाचा, तुकडाबी चालन."

तिच्यापासून दोन हातांवर लाकडी पेटी होती. पेटीत, कागदाच्या पाकिटात, ती प्लेट अखंड पडली होती. माणसासकट, घागरीसकट. मला इतकंच करायचं होतं, की हात लांब करायचा. आणि तेच होत नव्हतं. तिला हवं होतं ते माझ्याकडं होतं, पण ते दिलं की मी तिला फसवलं हे तिला कळणार होतं. आणि तिच्या हिशेबानं त्याचा अर्थ एवढाच होता, की तिचा माणूस मी मारला.

"पाहतो," मी म्हणालो.  "जुन्या डब्यात एखादी प्लेट असंन. पुढच्या बाजारी या."

पहिल्या खेपेला मी तिला अगं-तुगं केलं होतं आणि आज 'या' म्हणालो, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्या आठवड्यात मी दुसरं काम केलं नाही. प्लेटच्या फक्त त्या कोपऱ्यावर उजेड पाडला आणि तो माणूस मोठा केला. पुलाचा एक खांबही राहू दिला नाही. फोटो मोठा करायच्या यंत्राखालची फळी तिरपी करून कागद असा धरला की त्याचं झुकणं मोडलं. सरळ झाला. तरी खांदे पसरट होते, ते कागद पुन्हा पुन्हा हलवून जमवले. पंधरा-सोळा कागद फुकट गेले. शेवटी जो निघाला तो चांगला होता. उन्हानं डोळे बारीक केलेले, तोंड जरासं उघडं, आत्ता काहीतरी बोलेल असं. त्या माणसाकडं मी पहिल्यांदा पाहत होतो. तो मला काहीतरी विचारत असावा, फोटो कशाचा काढता वगैरे. माझं लक्ष नव्हतं.

खोटंही तयार केलं. त्या दिवशी एक जादा प्लेट टिपली होती, ती डब्यात पडून राहिली होती, ती सापडली. हे मी चार-पाच वेळा घोकलं.

ती आली. मी फोटो दिला आणि घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तिचं लक्ष नव्हतं. फोटो तिनं मांडीवर ठेवला आणि पाहत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. खाली अडत्याकडं एक गाडी रिकामी झाली आणि दुसरी लागली.

"हेच तोंड," ती म्हणाली. "असंच. असेच डोळे करायचे."

मी म्हणालो, "बरं झालं."

मग तिचं बोट घागरीवरून खाली पाण्यापर्यंत गेलं. यावेळी ते कागदाला लागलं होतं. "घागर या खांद्यावर. पाय असेच पान्यात." तिनं मान वर केली. "हा दुसरा नाही, भाऊ. तोच हाय."

मी खाली पाहिलं.

"तुमी काढलंच नव्हतं."

तिनं ते विचारलं नव्हतं, त्यामुळं हो म्हणायचीही सोय नव्हती. मी मान हलवली की नाही ते आठवत नाही.  आता ती मला शिव्याशाप देईल, आणि दिलेले बरे, असं मला वाटत होतं. तिनं विचारलं ते असं:

"मंग ते भुकटी कोनाची होती?"

"कोनाचीच नाही. खराब प्लेट होती ती."

"खराब असंन. पन कोनाचा त फोटू असंन नं तिच्यावर? मी त नदीत सोडली ते." तिच्या चेहऱ्यावर भीती होती. ती माझ्यासाठी नव्हती, स्वतःसाठी नव्हती, कोणा तिसऱ्यासाठी होती, ज्याला ती ओळखत नव्हती. आणि मी सांगू शकत नव्हतो, कारण डब्यातून प्लेट उचलताना मी पाहिलंच नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "पूर वरच्या पावसानं आला. फोटूनं मानूस मरत नाही." हे माझ्याच्यानं त्या वेळी बोलवलं, याची मला आजही लाज वाटते.

"नसंन मरत," ती म्हणाली. "तुमी शिकलेले हा, तुमाले ठाव." तिनं फोटो पदराखाली घेतला आणि भिंतीला हात लावून उठली. मग उभ्या उभ्याच, कोणाला घरचं काही सांगावं तसं, ती म्हणाली, "ते जात नव्हते, भाऊ. ठेकेदाराचा मानूस दोनदा येऊन गेला, पोहनारे पाह्यजे म्हून. ते म्हने, मरून जाईन पन त्या पुलाखाली नाही जात. टरबुजाच्या वाड्या सरल्या होत्या, घरी काम नव्हतं. मीच म्हनलं, जा आता बिनघोर, तुमाले त्यातून काढलं हाय. मी माह्या डोयानं पाह्यलं."



पूल माणूस मागतो यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. त्या क्षणापर्यंत मला तेवढा आधार होता. तिच्या अडाणीपणावर मी हसलो होतो, पण त्या अडाणीपणानं तिच्या नवऱ्याला पुलापासून लांब ठेवलं होतं. त्याची भीती गेली ती माझ्या चाकूनं, दहा मिनिटांत, गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून.

ती जिना उतरायला लागली. मी दारापर्यंत गेलो आणि "बाई" म्हणून हाक मारली. ती अर्ध्या जिन्यात थांबली, वळून वर पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग गेली.